शेवटी वर कोण आला?

१६ नोव्हेंबर ही तारीख आमच्या डिचोलीच्या घरात गेली कित्येक वर्षे पाळली जाते, आणि ती ना कोणत्या सणाची आहे, ना घरातल्या कुणाच्या वाढदिवसाची. त्या दिवशी सकाळच्या चहाला बाबा राणीगंजच्या कोळसा खाणीतल्या सुटकेचा विषय काढतात, आई "झालें सुरू" म्हणून कपबशा उचलून आत जाते, आणि मी तीच हकीकत पुन्हा एकदा ऐकतो. कोल इंडिया हा दिवस बचाव दिन म्हणून पाळते हे मला फार उशिरा कळले. बाबांना ते ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, कारण त्यांचा कोळशाशी कधी संबंध आला नाही. ते आयुष्यभर लोखंडाच्या खाणीवर, आमच्याकडे म्हणतात तसे 'मायनार', पंप चालवायला होते.

ज्यांनी गोव्याची लोह-मँगनीजची खाण जवळून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या खाणी उघड्या असतात. वरचा जांभा आणि माती काढून पायऱ्यापायऱ्यांनी खाली जायचे, त्या पायऱ्यांना बेंच म्हणायचे, आणि खड्डा जसजसा खोल जाईल तसतसे तळाशी साचणारे पाणी उपसत राहायचे. शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात हे उपसणे म्हणजे काय असते, ते पावसाळ्यात अशा खड्ड्याच्या काठावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. जूनमध्ये खनिज काढणे थांबते, पण पाणी काही थांबत नाही; म्हणून तळातल्या संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यात, तराफ्यावर बसवलेले पंप आणि त्यांच्यावरची माणसे दिवसरात्र कामावर असतात. बाबा त्यांतले एक होते. पंपाचा आवाज ते कानाने ऐकत, पण खात्री करून घेत ती हाताने. पाणी वर नेणाऱ्या पाइपवर तळवा टेकवून ते क्षणभर डोळे मिटत आणि पंप पाणी ओढतो आहे की हवा, हे सांगत. लहानपणी मीही एकदा हात लावून पाहिला होता. मला फक्त थरथर जाणवली, आणि तळव्याला लागलेला गंजाचा लाल डाग दोन दिवस गेला नाही. "उदकाक वाट दाखोवची पडना," असे ते नेहमी म्हणत. पाण्याला वाट दाखवावी लागत नाही, ते आपली आपण शोधते. राणीगंजची बातमी त्यांच्या मनाला इतकी का लागली, ते या एका वाक्यावरून समजावे.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये मी आठवीत होतो. त्रिपुरारी पौर्णिमा नुकतीच झाली होती, विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात सोडलेल्या नौका पाहून आम्ही परत आलो होतो, आणि खाणीवर पावसाचे पाणी उपसून हंगाम नुकता सुरू झाला होता. रेडिओच्या बातम्यांत पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महावीर कोळसा खाणीत पाणी शिरल्याचे सांगितले, तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी हातातला घास पानात परत ठेवला, एवढे मला आठवते. १३ नोव्हेंबरचा तो अपघात होता. रात्रपाळीत जमिनीखाली दोनशेहून अधिक माणसे काम करत होती, सुरुंगाने कोळशाची भिंत फोडताना पलीकडच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीतले पाणी एकदम आत घुसले, आणि डोलीच्या, म्हणजे वर नेणाऱ्या पाळण्याच्या, जवळ असलेले लोक जेमतेम वर निघाले. पुढे पाण्याने ती वाटही बंद केली. सहा जण बुडाले आणि ६५ जण आत अडकले.

राणीगंज हे आपल्या देशातले सर्वांत जुने कोळसा क्षेत्र आहे. १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तिथे कोळसा काढायला सुरुवात झाली, आणि त्यानंतरची दोनशे वर्षे ज्याला जसे जमेल तसे, ज्याच्याकडे जेवढे भांडवल असेल तेवढे खोल, लोक खणत राहिले. छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब ठेवायचे आणि मधला कोळसा काढून घ्यायचा, अशी तिथली पद्धत होती. खाण सोडली की त्या पोकळीत पाणी भरायचे. सत्तरच्या दशकात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तोवर अशा किती पोकळ्या कुठे कुठे आहेत याचे धड नकाशेही उरलेले नव्हते. म्हणून कायद्याने असे ठरवले आहे की पाणी साचलेल्या जुन्या खाणीपासून ६० मीटरांच्या आत जायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि पुढे भोके पाडून चाचपत चाचपत जावे. पण हा नियम पाळायचा तर ते पाणी कुठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. बाबांना हे सगळे त्या वेळी माहीत नव्हते. मी पुढे वाचून त्यांना सांगितले. त्यांनी मात्र पहिल्याच रात्री आईला सांगितले होते की हे नवे पाणी नव्हे, जुने साठलेले पाणी आहे, कारण नव्या पाण्याचा झरा आधी पाझरतो आणि मग वाढतो, तो असा एकदम अंगावर येत नाही.

पुढचे तीन दिवस आमच्या घरात बातम्या ऐकण्याखेरीज दुसरे काही झाले नाही. आत अडकलेले लोक जिवंत आहेत हे वर कळले होते. ते खाणीतल्या उंच भागात जमले होते, तिथल्या टेलिफोनवरून वरच्यांशी बोलले होते, आणि वरून पाडलेल्या भोकातून त्यांना अन्नपाणी पोचवले जात होते. पण अन्न पोचवणे वेगळे आणि माणूस बाहेर काढणे वेगळे. पाणी उपसून वाट मोकळी करायची तर ते उपसणे केव्हा संपेल याचा भरवसा नाही, आणि तोवर आतली हवा टिकेल याचाही नाही. अशा वेळी ईस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतले अतिरिक्त मुख्य खनिकर्म अभियंता जसवंतसिंग गिल यांनी सुचवले की आणखी एक, माणूस मावेल एवढे मोठे भोक पाडावे आणि त्यातून पोलादी पिंजरा खाली सोडून एकेकाला वर ओढावे. भोकाचा व्यास होता सुमारे २२ इंच. त्यात उतरणारा पिंजरा त्याहून थोडा अरुंद, आणि उंचीला माणसाहून थोडा अधिक.

या २२ इंचांची एक आठवण माझ्या मनात पक्की बसली आहे. ही सगळी मापे देणारा एक लेख काही दिवसांनी वर्तमानपत्रात आला. बाबांनी तो कात्रीने कापून घेतला आणि मला विचारले, "बावीस इंच म्हणजे केदें?" मी शाळेतल्या सवयीने वहीवर गणित केले. परीघ काढायला २२ ला २२ ने गुणायचे आणि ७ ने भागायचे, उत्तर ६९ इंचांच्या थोडे वर. बाबांनी मागच्या पडवीतून सुंभाची दोरी आणली, माझ्या लाकडी पट्टीने ६९ इंच मोजून तिची टोके गाठ मारून जोडली आणि तुळशीसमोरच्या सारवलेल्या अंगणात ती गोल पसरली. लग्नाचा मांडव नुकताच उतरवला होता, तुळशीला बांधलेले ऊस आणि चिंचेची डहाळी अजून सुकत होती. बाबा त्या वर्तुळात उभे राहिले. त्यांचे खांदे दोरीच्या बाहेर जात होते. मग त्यांनी दोन्ही हात छातीशी आवळून घेतले, खांदे तिरके केले आणि डोळे मिटून घेतले. किती वेळ ते तसे उभे होते कोण जाणे, मला तो फार मोठा वाटला, आणि मी "बाबा, आतां पुरो" म्हटल्यावर ते बाहेर आले. "वयर ओडटलो तो ठीक," ते म्हणाले, "वर ओढून घ्यायचा माणूस असेल तर कोणीही आत उभा राहील. पण सगळ्यांत आधी जो खाली गेला, तो कशाच्या भरवशावर गेला?"

सगळ्यांत आधी खाली गेले ते गिल स्वतः. खाली कोण उतरणार हा प्रश्न आला तेव्हा पन्नाशीच्या आसपासचा हा अधिकारी त्या पिंजऱ्यात उभा राहिला. १५ तारखेची रात्र उलटून १६ उजाडण्याच्या आधी तो पिंजरा खाली सोडला गेला. भोक सरळ गेले आहे की वाकडे, मध्येच कडा ढासळेल का, तळाशी उतरल्यावर घाबरलेली ६५ माणसे एकदम पिंजऱ्यावर तुटून पडतील का, यातले काहीही वरून दिसण्यासारखे नव्हते. खाली पोचून त्यांनी एकेकाला पिंजऱ्यात उभे करून वर पाठवायला सुरुवात केली, आणि सुमारे सहा तासांत सगळे ६५ जण बाहेर आले. मी पुढे कधीतरी याचाही हिशेब केला. सहा तास म्हणजे ३६० मिनिटे, त्यांना ६५ ने भागले तर एका माणसाला साडेपाच मिनिटे. एवढ्या वेळात पिंजरा वर जायचा, माणूस उतरायचा आणि पिंजरा रिकामा खाली परत यायचा. म्हणजे ज्याचा नंबर साठावा होता, त्याने एकोणसाठ वेळा पिंजरा दुसऱ्याला घेऊन वर जाताना पाहिला आणि आपली पाळी येईपर्यंत अंधारात, पाण्याच्या काठाला, रांगेत उभे राहून वाट पाहिली. गिल यांच्या धैर्याचे कौतुक खूप झाले आणि ते व्हायलाच हवे होते. १९९१ मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळाले. पण रांग न मोडणाऱ्या त्या ६५ जणांना कोणी पदक दिले नाही. मला तर वाटते, गिल खाली नुसते पिंजरा घेऊन गेले नव्हते. वरचा एक साहेब आपल्यासोबत इथे उभा आहे आणि तो आपल्या आधी वर जाणार नाही, हे डोळ्यांनी दिसत होते म्हणून ती रांग टिकली असावी.

गिल सर्वांच्या शेवटी वर आले. बाबांच्या दृष्टीने सगळी हकीकत या एका वाक्यात येते. तेव्हापासून जगात कुठेही खाणीत माणसे अडकल्याची आणि सुटल्याची बातमी आली की किती सुटले याच्या खालोखाल त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "शेवटाक कोण वयर आयलो?"

असा पिंजरा जगात प्रथमच झाला असे नव्हे. १९५५ मध्ये जर्मनीतल्या गेल्सेनकिर्चेनजवळच्या डालबुश कोळसा खाणीत अडकलेल्या तीन कामगारांना काढण्यासाठी टॉर्पेडोसारखा एक निमुळता पिंजरा बनवला गेला, आणि त्याला डालबुश बॉम्ब असे काहीसे विचित्र नाव पडले. त्याचा व्यास ३८ सेंटिमीटरच्या थोडा वर होता, म्हणजे आमच्या अंगणातल्या दोरीच्या वर्तुळाहूनही पुष्कळ लहान. १९६३ मध्ये लेंगेडे इथे तोच उपयोगी पडला. ही लेंगेडेची गोष्ट बाबांना मी मुद्दाम सांगितली, कारण ती लोखंडाची खाण होती आणि तिच्यात शिरलेले पाणी खनिज धुण्याच्या गाळाच्या तळ्याचे होते. तसली तळी आमच्या तालुक्यातल्या माणसाला नवी नाहीत. त्या खाणीत २९ माणसे गेली. आणखी कोणी उरले असेल ही आशा जवळजवळ सुटलेली असताना खाणीच्या जुन्या, कोसळू शकणाऱ्या भागात एक भोक पाडून पाहिले गेले आणि तिथे माणसे असल्याची खूण खालून मिळाली. अपघातानंतर १४ दिवसांनी त्या ११ जणांना वर काढले. त्या जागी भोक पाडा असा आग्रह धरणाऱ्यांच्या हाती पुरावा काहीच नव्हता. खाली माणूस आहे असे धरून चालायचे, एवढाच त्यांचा नियम होता, आणि बचावाच्या कामात मला सर्वांत आदर वाटतो तो याच हट्टाचा.

२००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्वीक्रीक खाणीत असेच झाले. शेजारच्या बंद खाणीचा नकाशा चुकीचा होता, भिंत फुटली, पाणी आले. आत सापडलेल्या नऊ जणांनी आधी काय केले, तर टेलिफोनवरून खाणीच्या दुसऱ्या भागातल्या सोबत्यांना सावध केले, आणि ते लोक निसटले. वरच्या लोकांनी उपग्रहाच्या साह्याने जागा हेरून २४० फूट खोल असे सहा इंची भोक पाडले आणि ते थेट त्या नऊ जणांच्या जवळ उतरले. खालून लोखंडावर ठोके ऐकू आले, आणि ते मोजले तर नऊ भरले. हे वाचून दाखवताना मी थांबलो, कारण बाबांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर तळवा पालथा टेकून पडला होता, पाइपवर टेकायचा तसाच. त्या भोकातून वरून गरम हवा दाबून सोडण्यात आली, म्हणजे माणसांना श्वासही मिळेल, ऊबही मिळेल आणि त्या दाबाने पाणीही थोपून राहील. मोठे भोक पाडताना यंत्राचे टोक तुटून मध्येच अडकले आणि ते काढण्यात मौल्यवान तास गेले. खालच्यांनी आशा सोडून घरच्यांना चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, आणि निदान प्रेते एकत्र सापडावीत म्हणून एकमेकांना बांधून घेतले होते. ७७ तासांनी नऊच्या नऊ वर आले.

इथे मात्र बाबांचा नियम मोडला. पहिला वर आला तो त्या टोळीचा प्रमुखच. मला वाटले बाबांना ते रुचणार नाही. पण त्याच्या छातीत दुखत होते असे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. दुखणेकरी आधी, मग तो कोणीही असो. आणि शेवटचा आला तो सुरुवातीला पाण्याच्या पलीकडे एकटा तुटून पडलेला माणूस, ज्याला सोबत्यांनी कोळसा उचलणाऱ्या यंत्राच्या बादलीतून अलीकडे आणले होते. बाबांनी हे दोनदा सांगायला लावले.

आता कोणी विचारील की गोव्यात बसून कोळशाच्या खाणीतल्या माणसांचे एवढे का. आमच्याकडे कोळसा म्हटला की वास्कोच्या बाल्कनीत पडणारी काळी धूळ आणि मुरगाव बंदरावरचे ढीग एवढेच डोळ्यांपुढे येते, त्यावरची भांडणे न्याय्य आहेत, आणि तो कोळसा बहुतांशी परदेशातून येतो. पण माझ्या घरात हे लिहिताना जळणारा दिवा कोरबा आणि विंध्याचलच्या औष्णिक केंद्रांतून येणाऱ्या विजेच्या वाट्यावर जळतो. गोव्याचे स्वतःचे असे मोठे वीज केंद्र नाही. बटण दाबणारा आणि कोळसा फोडणारा यांच्यात हजार-दीड हजार किलोमीटरची तार आहे, आणि त्या तारेवर टकटक करून आपले आभार तिकडे पोचवण्याची सोय नाही.

सगळ्या हकीकती अशा सुखरूप संपत नाहीत. १९७५ च्या २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला खाणीत असेच पाणी फुटले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. तिथून कोणीही जिवंत आले नाही. राणीगंजला गिल यांनी एवढी घाई का केली, ते त्या १४ वर्षांपूर्वीच्या सावलीत समजते. २०१८ च्या डिसेंबरमध्ये मेघालयात क्सान इथे, बंदी असलेल्या उंदराच्या बिळासारख्या कोळसा खाणीत १५ जण अडकले. जोरदार पंप तिथे पोचायला इतके दिवस लागले की बाबा रोज सकाळी "पंप पावले?" असे विचारत आणि मी "नाही" म्हणत असे. शेवटी त्यांनी विचारणे सोडले. पाणी उपसणाऱ्या माणसाला याहून मोठी शरम नसते, असे त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, जणू ते पंप त्यांनीच पाठवायचे राहिले होते.

त्या सुमारास एका संध्याकाळी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्याआधी घरात कुणाला ठाऊक नव्हती, आईलाही नाही. ऐंशीच्या दशकातल्या एका जुलैच्या रात्री ते आणि त्यांचा मदतनीस संपमधल्या तराफ्यावर होते. वरची दरड घसरली, खाली उतरणारा रस्ता तिच्याखाली गेला, दिव्यांची तार तुटली, आणि दोघे चहूकडून पाण्याने वेढलेल्या तराफ्यावर अंधारात राहिले. पंप बंद पडला होता, म्हणजे पाणी चढणार होते. ते दोघे ओरडत होते, पण पावसाच्या आवाजात ओरडणे वर पोचत नव्हते, म्हणून बाबांनी पान्याने पाइपवर ठोकायला सुरुवात केली. किती वेळ ठोकले याचा त्यांना अंदाज नाही. बऱ्याच वेळाने वरून बॅटरीचा उजेड हलला आणि बेंचवरून ट्रकचा दोर खाली आला. मदतनीस वयाने लहान होता, त्याला त्यांनी आधी बांधला. मग दोर परत आला आणि ते चढले. वर पोचल्यावर कुणीतरी त्यांच्या अंगावर गोणपाट टाकले, कुणीतरी विडी पेटवून हातात दिली, आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा झाल्यावर सगळे पांगले. दोर धरणारी ती चार-पाच माणसे कोण होती, हे बाबांना आजही माहीत नाही. अंधार होता, डोक्यावर खोळी होत्या, आणि कामावरून घरी जायची घाई होती. पुढची कितीतरी वर्षे बाजारात, जत्रेत, सांखळीच्या बसमध्ये खाणीवरचा कुणी भेटला की तो त्यांतला असेल का असे त्यांच्या मनात येई, पण विचारायचे कसे, म्हणून त्यांनी कधी विचारले नाही.

२०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये आमच्या खाणी बंद झाल्या, त्या माणसांतले काही परगावी गेले, काही वारले. आता विचारायलाही कोणी उरलेले नाही.

२०२३ मध्ये नरकचतुर्दशी १२ नोव्हेंबरला होती. आमच्या वाड्यावरचा नरकासुर पहाटे जाळून मुले घरी परतत होती, तेव्हा तिकडे उत्तराखंडात सिल्क्याराचा बोगदा कोसळला आणि ४१ कामगार आत राहिले. दिवाळीचे फराळाचे ताट पुढ्यात असताना बातमी आली, आणि मग १७ दिवस आमच्या घरात दूरदर्शन संच बंद झाला नाही. आधी चार इंची नळीतून चणे-कुरमुरे, मग सहा इंची नळीतून खिचडी. माती पोखरणारे यंत्र सत्तेचाळीस मीटरच्या आसपास तुटले, परदेशातून तज्ज्ञ आले, डोंगराच्या माथ्यावरून उभे भोक पाडायला घेतले. शेवटचे दहा-बारा मीटर मात्र बारा माणसांनी हाताने खोदले. मेघालयातल्या कोळशाच्या बिळांत चालते ती कला, जिच्यावर २०१४ मध्ये हरित लवादाने बंदी घातली आणि जी क्सानमध्ये १५ जणांना घेऊन गेली, तीच इथे ४१ जणांना परत घेऊन आली. आठशे मिलिमीटरच्या पाइपात गुडघ्यांवर सरपटत जायचे, एकाने खणायचे, दुसऱ्याने ढिगारा गोळा करायचा, तिसऱ्याने तो ढकलगाडीत भरायचा आणि बाहेरच्यांनी दोरीने ओढायचा, असे त्यांनी अठ्ठावीस तासांहून कमी वेळात ते संपवले. त्या बारांपैकी एकाचे दिल्लीतले घर तीन महिन्यांनी अतिक्रमण म्हणून पाडले गेले. कृतज्ञतेला आपल्याकडे मुदत असते, ती बहुधा तीन महिन्यांची असावी.

२८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी माणसे बाहेर येऊ लागली. बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते आणि त्यांना कमी ऐकू येत होते, म्हणून मी आकडा मोठ्याने सांगत होतो, आणि आई नको नको म्हणत दारात उभी राहून ऐकत होती. हार घालणे सुरू झाले, रुग्णवाहिका हलू लागल्या. आतल्या फोरमनने मी सगळ्यांत शेवटी निघेन असे आधीच सांगून ठेवल्याचे मी बाबांना सांगितले, आणि ते हसले. एकेचाळीस झाल्यावर मी रिमोट हातात घेतला, कारण जेवणाची वेळ टळून गेली होती.

"बंद करू नाका," बाबा म्हणाले. "भितर गेल्ले ते आयले?"

मी म्हटले, आले की सगळे, एकेचाळीस.

"ते न्हय. काडपाक गेल्ले ते."

मी पडद्याकडे पाहिले. तिथे भाषणे चालली होती. काढायला गेलेले लोक कुठे दिसत नव्हते, आणि सगळ्या वाहिन्या पालथ्या घातल्या तरी पाइपातून शेवटी कोण बाहेर आले ते कुणी दाखवले नाही. बाबा ताट पुढ्यात घेऊन तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो सापडला, डोक्यावर हेल्मेट, अंगावर धूळ, खांद्याला खांदा लावून उभे. बाबांनी चश्मा पुसून बोटाने एकेक माणूस मोजला, आणि मग आईला म्हणाले, आता चहा दे.